वृक्षांचें अभय

'अभयारण्य' हा शब्द आपल्या भाषेंत आतां इतका रुळला आहे कीं, त्याच्या अर्थाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सहलीचा बेत ठरवितांना, वर्तमानपत्रांत गव्यांची बातमी वाचतांना, घाटांतल्या सरकारी पाटीवरून नजर फिरवितांना आपण तो उच्चारतों आणि पुढें जातों. पण क्षणभर थांबून पाहिलें, तर त्या शब्दांत एक मोठें वचन सांठविलेलें आढळतें. कोणीतरी कोणाला तरी अभय दिलें आहे. देणारा कोण, घेणारा कोण, आणि दिलेलें वचन पाळण्याचा भार कोणावर, हे तीन प्रश्न त्या एका शब्दांतून निघतात. घेणारा कोण असें विचारलें असतां बहुतेक लोक गव्याचें नांव घेतील, कोणी बिबट्याचें, कोणी धनेश पक्ष्याचें. झाडाचें नांव फारसें कोणी घेणार नाहीं. झाड ही अभयारण्यांतली जागा आहे, तें तेथला रहिवासी नव्हे, अशी आपली समजूत असते. ही समजूत बरोबर आहे काय, आणि नसेल तर रानांतल्या झाडाझुडपांशीं आपलें नैतिक नातें कोणतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कोल्हापुराच्या शिवाजी पेठेंत राहणाऱ्या माणसाला हा विचार दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. शहरापासून सुमारें ८० किलोमीटरांवर सह्याद्रीच्या माथ्याला दाजीपूरचें जंगल आहे. कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचें तें राखीव शिकारीचें रान. १९५८ सालीं तें अभयारण्य झालें. आजच्या महाराष्ट्रांतलें हें पहिलें अभयारण्य. १९८५ सालीं त्याची हद्द वाढली, राधानगरी अभयारण्य हें नांव त्याला मिळालें आणि क्षेत्र सुमारें ३५१ चौरस किलोमीटर झालें. पश्चिम घाटांतल्या ज्या ३९ स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत याची गणना झाली. भोगावतीवरचा राधानगरीचा जलाशय आणि दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा जलाशय हे दोन्ही याच रानाच्या कुशींत आहेत. भोगावतीचें पाणी कासारी, कुंभी आणि तुळशी यांच्या पाण्याशीं मिळून पंचगंगा होते व ती कोल्हापुराला वळसा घालून जाते. काळम्मावाडीचें पाणी तर २०२३ सालापासून नळांनीं थेट शहरांत येऊं लागलें आहे. तेव्हां पेठेंतल्या ज्या घरांतून दाजीपूर कोणीं कधीं पाहिलेंहि नसेल, त्या घरांतला पाण्याचा तांब्यासुद्धां त्या रानाचा ऋणी असतो.

त्या रानांत आहे तरी काय? अंजन आहे, त्याचें लांकूड लोखंडासारखें कठीण, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्याच्या फांद्या निळ्याजांभळ्या गुच्छांनीं अशा लगडतात कीं साल दिसूं नये. जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, फणस, उंबर हीं आपल्या ओळखीचीं झाडें आहेत. झाडावरून झाडावर गेलेली गारंबीची वेल आहे. तिच्या शेंगा हातभर, कधीं त्याहूनहि लांब असतात. त्यांच्या पायथ्याशीं करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग, दिंडा, शिकेकाई अशीं झुडपें व जाळ्या. उतारांवर कारवीचें रान आहे. तें सात वर्षें पानांनीं हिरवें राहतें, मग एका पावसाळ्याअखेर सगळें एकदम फुलतें, आणि बीं टाकून सगळें एकदम मरतें. मध्येंच जांभ्याचा उघडा सडा लागतो. तेथें मोठें झाड तग धरीत नाहीं, पण पावसाळ्यांत इवल्याशा फुलांचा गालिचा पसरतो.

या नांवांबरोबर आपल्याकडे उपयोगहि सांगण्याची रीत आहे. मुरुडशेंग तान्ह्या मुलाच्या पोटदुखीवर, धायटीचीं फुलें आसवांत, हिरडा कोठा साफ होण्यासाठीं, शिकेकाई केसांना, कारवी कुडाच्या भिंतीला. माणसाची झुडपाशीं पहिली ओळख उपयोगानें झाली. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आईशीं मुलाची पहिली ओळख दुधानेंच होते. प्रश्न एवढाच कीं, ओळख तेथेंच थांबावी काय? ज्या झुडपाचा उपयोग ठाऊक नाहीं, किंवा ज्याचा उपयोग संपला आहे, त्याला जगण्याचा हक्क कोणत्या आधारावर द्यावयाचा?

कायद्याला हा प्रश्न विचारला तर त्याचें उत्तर मोठें मासलेवाईक आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें 'वन्यजीव' या शब्दाची व्याख्या करतांना वनस्पतीलाहि आंत घेतलें, पण कोणत्या? जी एखाद्या अधिवासाचा भाग असेल ती. म्हणजे झाडाला रक्षण मिळालें तें दुसऱ्याचें घर म्हणून. भाडेकरूच्या हक्कासाठीं भिंत पाडावयाची नाहीं, अशांतला हा प्रकार झाला. पुढें १९९१ सालच्या दुरुस्तीनें कांहीं वनस्पतींना स्वतःच्या नांवानें संरक्षण मिळालें, परंतु तेव्हांची ती यादी अवघ्या सहा नोंदींची होती. कौटिल्याचें अर्थशास्त्र यापेक्षां फार निराळें बोलत नाहीं. त्यांत 'अभयवन' हा शब्द आहे, आणि तेथल्या पशुपक्ष्यांना मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे. वृक्षांचा विचार दुसऱ्या प्रकरणांत येतो. नगराच्या उपवनांतल्या फुलें, फळें किंवा छाया देणाऱ्या झाडाचा कोंब तोडला तर ६ पण, लहान फांदी तोडली तर १२, मोठी फांदी तोडली तर २४. सीमेवरचें किंवा देवस्थानचें झाड असेल तर दंड दुप्पट. येथेंहि हिशेब फुलाफळांचा व सावलीचा आहे. मात्र खोड तोडण्याच्या कृत्याला त्या रोखठोक ग्रंथानें जो शब्द वापरला आहे तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तो शब्द 'वध' असा आहे. दंडाचा आकडा उपयोगावरून ठरविणाऱ्याच्या लेखणींतूनहि झाडाच्या बाबतींत 'वध' हा शब्द उतरावा, यावरून उपयोगापलीकडचें कांहींतरी त्याच्या भाषेला ठाऊक होतें असें दिसतें.

दुसरें उत्तर आपल्या घरचें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या राजवटींत 'आज्ञापत्र' सिद्ध केलें. आरमारासाठीं लांकूड कोठून आणावें हें सांगतांना पंत म्हणतात कीं, अरण्यांतले सागवानासारखे वृक्ष हुजूरच्या परवानगीनें तोडावे. आणखी लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावूं देऊं नये. कारण हीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. लोकांनीं तीं पोटच्या पोरांसारखीं वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडलीं असतां त्यांच्या दुःखाला सीमा राहत नाहीं. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्याला राजी करून व मोबदला देऊनच तें घ्यावें. राज्यकर्त्यानें झाडाकडे रयतेच्या डोळ्यांनीं पाहावें, ही शिकवण फार थोर आहे. तींत झाडाची किंमत लांकडावरून ठरत नाहीं, त्याच्यासाठीं रडणाऱ्या माणसावरून ठरते.

पण याच ठिकाणीं तिची मर्यादाहि उघड होते. दाजीपूरचा अंजन कोणीं लावला? गारंबीला पाणी कोणीं घातलें? ज्याला कोणीं वाढविलें नाहीं त्याच्यासाठीं रडणार कोण? आज्ञापत्रांतला फणस वांचतो, कारण त्याला मायबाप आहेत. त्याच आज्ञापत्रांतला अरण्यांतला साग परवानगीनें पडतो, कारण तो पोरका आहे. प्रेमावर उभारलेली नीति अनाथाच्या दारापर्यंत पोहोचत नाहीं.

ही उणीव आपल्या खेड्यांतल्या लोकांनीं फार पूर्वींच ओळखली असावी. ज्या झाडाला धनी नाहीं त्याला त्यांनीं देव हा धनी दिला. देवराई ती हीच. सह्याद्रीच्या खेड्याखेड्यांतून अशा राया आहेत; राधानगरीच्या रानांतहि उगवाईच्या नांवाची राई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम घाटांतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि इतरत्र नाहींशा झालेल्या वनस्पति त्या राखीव तुकड्यांत टिकून राहिल्या आहेत हें विद्वानांच्या नजरेस आणून दिलें. कित्येक रायांतून वाळकी काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं असा दंडक असे. फारच गरज पडली तर देवाला कौल लावावयाचा आणि त्यानें होकार दिला तरच कुऱ्हाड उचलावयाची.

सुशिक्षित माणसाला यांत भीतीखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. देव कोपेल म्हणून झाड न तोडणाऱ्यांत आणि शिपाई पकडील म्हणून न तोडणाऱ्यांत फरक काय, असें तो विचारतो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. भीतीवर उभी असलेली नीति भीतीबरोबर ओसरते, हें आपण पाहिलेंच आहे. जेथें देवाची भीति गेली तेथें राईहि गेली. आणि याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, जेथें देवाची भक्ति वाढली तेथेंहि ती कधीं कधीं गेली. जुन्या कौलारू देवळाच्या जागीं मोठें सिमेंटचें देऊळ व्हावें, त्याचा खर्च भागावा, म्हणून त्याच देवाचीं झाडें विकल्याचीं उदाहरणें सह्याद्रींत घडलीं आहेत. देव श्रीमंत झाला आणि त्याची राई दरिद्री झाली.

तरीहि कौलाच्या चालींत एक गोष्ट अशी आहे कीं, ती भीतीच्या सदरांत घालून निकालांत काढतां येत नाहीं. ती गोष्ट म्हणजे विचारणें. तोडणाऱ्यानें तोडण्यापूर्वीं थांबावयाचें, चार माणसांदेखत आपली गरज बोलून दाखवावयाची, आणि उत्तर नकारार्थीं येऊं शकतें हें आधींच मान्य करावयाचें. जो विचारतो तो समोरची वस्तु आपली नाहीं हें कबूल करतो. देवाचें अस्तित्व कोणी मानो वा न मानो, ही कबुली खरीच असते, कारण तें झाड खरोखरच त्याचें नसतें. देवराईचें नैतिक सार मला या कबुलींत दिसतें. कोप हें तिच्याभोंवतीं घातलेलें कुंपण होय.

आतां तिसरा राखणदार पाहूं. दाजीपूरचें रान टिकलें तें शिकारीमुळें, ही गोष्ट आपल्याला अडचणींत टाकणारी आहे. राजाला गवे हवे होते, गव्यांना रान हवें होतें, म्हणून रान राखलें गेलें. हेतु मृगयेचा, फळ अभयाचें. हेतूवरून कृत्याची पारख करणाऱ्यानें याला काय म्हणावें? माझ्या मतें येथें दोन हिशेब निराळे ठेवले पाहिजेत. शिकारीच्या हेतूला पुण्य म्हणतां येणार नाहीं. पण त्या हेतूनें जें राखलें गेलें तें आपल्या हातीं आल्यावर आपलें कर्तव्य त्या हेतूनें कमी होत नाहीं. वडिलांनीं लौकिकासाठीं खणलेल्या विहिरीचें पाणी मुलगा पितो. विहीर स्वच्छ ठेवण्याची त्याची जबाबदारी बापाच्या लौकिकाच्या हव्यासामुळें टळत नाहीं. शिवाय शाहू छत्रपतींनीं त्याच खोऱ्यांत राधानगरी वसविली आणि भोगावतीवर धरण बांधण्याचें काम हातीं घेतलें. तें पुरें व्हावयाला स्वातंत्र्यानंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. एकाच राजाच्या दृष्टींत मृगया आणि रयतेचें पाणी या दोन्ही गोष्टी मावूं शकल्या. माणसाचे हेतु रानासारखेच मिश्र असतात; त्यांतून एकच जात निवडून काढूं गेलें तर हातीं कांहीं लागत नाहीं.

येथपर्यंत झाडाला जें रक्षण मिळालें तें गव्याकरितां, रयतेकरितां, देवाकरितां किंवा राजाकरितां. झाडाकरितां झाड राखावें असें म्हणावयाचें तर त्याला आधार काय? पुष्कळांना येथें जगदीशचंद्र बोस यांची आठवण होते. वनस्पति आघाताला प्रतिसाद देतात हें त्यांनीं आपल्या नाजूक उपकरणांनीं दाखविलें, आणि झाडालाहि दुःख होतें ही भावना सुशिक्षित वर्गांत रुजली. परंतु प्रतिसाद आणि वेदना यांत मोठें अंतर आहे, आणि नीतीची इमारत अशा शंकित पायावर उभी करण्याची गरज नाहीं. झाडाला दुःख होतच नसेल असें उद्यां सिद्ध झालें, तर काय सगळें रान तोडावयाला मोकळीक मिळेल? शिवाय एकेका झाडाची अहिंसा हा रानाचाहि नियम नाहीं. नांदरुखाचें बीं पक्षी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांत टाकतो, त्याचीं मुळें खालीं उतरतात, आश्रय देणाऱ्या झाडाला विळखा घालतात, आणि कालांतरानें नांदरुख उभा राहतो व यजमान आंत कुजून जातो. त्याच नांदरुखाच्या फळांवर पुढें कित्येक पक्ष्यांचा निर्वाह चालतो. कारवीची एक अख्खी पिढी एका हंगामांत मरते. यांत कोणाचा अपराध नाहीं. रान हें मरणासकट रान आहे. तेव्हां 'एकहि पान तुटतां कामा नये' हा अभयाचा अर्थ असूं शकत नाहीं. तसा अर्थ केला तर पहिला आरोपी गवाच ठरेल.

मग अर्थ कोणता? मला तो ऋण या कल्पनेंत सांपडतो. आपल्या धर्मशास्त्रानें मनुष्य जन्मतःच ऋणी मानला. देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें ऋण त्याच्या माथ्यावर ठेवलें, आणि गृहस्थाच्या नित्याच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञालाहि जागा दिली. या कल्पनेंतला गाभा असा कीं, आपण मागतल्याशिवाय आपल्याला कांहीं मिळालेलें असतें, आणि म्हणूनच कोणी वसुलीला न येतां आपल्याला कांहीं द्यावयाचें असतें. सावकार दारांत बसला असतां कर्ज फेडणें यांत सचोटी कसली? ज्या धनकोला तोंड नाहीं, कागद नाहीं, कोर्टाची पायरी चढण्याचें बळ नाहीं, त्याचें देणें जो स्मरतो तोच सचोटीचा. रान हा असा धनको आहे. त्याचें पाणी आपण पितों, त्यानें धरून ठेवलेली माती आपल्या धरणांत येत नाहीं, त्याच्या सावलींत मुरलेला पाऊस पुढें उन्हाळ्यांत आपल्या नदीला येतो. येथें कोणी म्हणेल कीं, हा पुनः उपयोगाचाच हिशेब झाला. तसें नाहीं. उपयोगाच्या हिशेबांत 'पुढें मला काय मिळेल' असा प्रश्न असतो. ऋणाच्या हिशेबांत 'आजवर मीं काय घेतलें' असा असतो. उपयोग संपला कीं पहिला हिशेब मिटतो. दुसरा मिटत नाहीं. म्हाताऱ्या आईचें दूध आटलें म्हणून तिचें ऋण आटत नाहीं.

ही कल्पना कठीण प्रसंगीं टिकते कीं नाहीं हें पाहिलेंच पाहिजे, आणि असा प्रसंग राधानगरीच्या रानानेंच आपल्यापुढें ठेवला आहे. तेथें नरक्या नांवाचें एक लहानसें झाड आहे, झुडूप म्हटलें तरी चालेल. फुलांना दुर्गंधि, म्हणून नांव असें. लांकूड कामाचें नाहीं, फळ कोणी खात नाहीं. उपयोगाच्या जुन्या यादींत त्याला जागा नव्हती. १९६६ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका चिनी झाडांतून कॅम्टोथेसिन हें द्रव्य वेगळें काढलें, तें कर्करोगाच्या पेशींना मारक ठरलें. आणि १९७२ सालीं तेंच द्रव्य आपल्या नरक्यांत भरपूर असल्याचें आढळून आलें. त्यापासून तयार झालेल्या दोन औषधांना १९९६ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. बीजाशयाच्या, फुप्फुसाच्या व आंतड्याच्या कर्करोगांवर तीं दिलीं जातात. परिणाम ठरलेलाच होता. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. झुडूप मुळासकट उपटावयाचें, त्याचे तुकडे करावयाचे, पोतीं भरावयाचीं. नरक म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरविली होती, तेंच सोनें झालें आणि त्याच्या जिवावर बेतलें.

आतां एखाद्या रुग्णाचा मुलगा विचारील, 'माझ्या आईच्या जिवापेक्षां तुमचें झुडूप मोठें काय?' या प्रश्नाला हसून किंवा श्लोक म्हणून उत्तर देतां येणार नाहीं. सरळ उत्तर असें कीं, नाहीं; एका आईच्या जिवापेक्षां एक झुडूप मोठें नाहीं. दुसरा कोणताच उपाय नसतां तें झुडूप तोडणें हें पाप आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु प्रश्न ज्या रूपांत विचारला जातो त्या रूपांत तो प्रत्यक्ष घडत नाहीं. कुऱ्हाडीजवळ आई उभी नसते. तेथें व्यापारी उभा असतो. तोडणाऱ्याच्या हातावर चार पैसे पडतात, मोठा नफा दूर कोठेंतरी जमतो, आणि औषधाची किंमत त्यामुळें उतरत नाहीं. नरक्याची लागवड शेतांत करतां येते. जो खरोखर आईसाठीं तोडील तो बीं राखील, रोप लावील, पुढच्या आईसाठीं कांहीं शिल्लक ठेवील. कारण ज्या झुडपानें आपली आई वांचविली त्याच्या वंशाचा नाश करणें हा कृतघ्नपणा आहे हें त्याला सांगावें लागणार नाहीं. ऋणाची कल्पना घेण्याला मनाई करीत नाहीं. न विचारतां घेण्याला, आणि घेऊन धनको बुडविण्याला ती मनाई करते. शिवाय नरक्यानें आणखी एक धडा दिला आहे. १९६५ सालीं कोणी त्या रानांतलीं 'निरुपयोगी' झुडपें साफ करावयाला निघाला असता, तर त्याला अडविण्याजोगें एकहि उपयोगाचें कारण कोणाजवळ नव्हतें. आपल्या अज्ञानाला सृष्टीच्या किंमतीचें माप समजूं नये, एवढी नम्रता तरी त्यावरून शिकावी.

पण अभय देणारांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं, आणि येथें शहरांतल्या माणसाला थोडें खजील होणें भाग आहे. अभयारण्याची घोषणा सरकार करतें, टाळ्या शहर वाजवितें. किंमत कोण देतें? रानाच्या कडेचा शेतकरी देतो; त्याचा उभा ऊंस आणि भात गव्यांचा कळप एका रात्रींत तुडवितो. आंतल्या वाड्यांतला धनगर देतो. पिढ्यान् पिढ्या जेथें त्याचीं जनावरें चरलीं तेथें त्याचें चरणें गुन्हा ठरतें. धरणाखालीं ज्यांची जमीन गेली त्यांनीं ती एकदां दिली होतीच. २०२१ सालच्या डिसेंबरांत गवे कोल्हापूर शहराच्या कडेपर्यंत येऊन पोहोचले तेव्हां शहर घाबरलें. राधानगरीच्या शेतकऱ्याची प्रत्येक सुगी मात्र त्याच धास्तींत जाते. दुसऱ्याच्या शेतावर उदकें सोडून आपण दानशूर म्हणवून घ्यावें, तसा हा प्रकार आहे. पाणी पिणारे आपण आणि ऋण फेडणारे ते, ही वांटणी न्यायाची नव्हे. झाडांचें अभय खरें व्हावयाचें असेल तर शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई वेळेवर व पुरी झाली पाहिजे, धनगराला विचारून त्याच्या चराईची सोय झाली पाहिजे, आणि त्यासाठीं लागणारा पैसा पाणी पिणाऱ्या शहरानें कुरकुर न करतां दिला पाहिजे. पाणीपट्टींत चार रुपये वाढले म्हणून मोर्चा काढावयाचा आणि निसर्गावर व्याख्यानहि ऐकावयाचें, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाहीं.

आपल्या पेठेंतल्या आचारांतहि हीच विसंगति आहे. वटपौर्णिमेला वडाची पूजा करावयाची, आणि वडापर्यंत जाण्याचा कंटाळा म्हणून त्याची तोडलेली फांदी बाजारांतून विकत आणून घरीं पुजावयाची. दसऱ्याला दसरा चौकांत शमीपूजन व्हावें, सोनें लुटावें, हा कोल्हापूरचा मोठा देखणा सोहळा; पण त्या सोन्यासाठीं आपटा खराट्यासारखा ओरबाडला जातो, आणि आपटा सांपडला नाहीं तर कांचनावर कुऱ्हाड चालते. पूजेचा अर्थ झाडाला मान देणें असा असेल, तर एक पान देऊन घेऊनहि तो साधतो; गाडीभर फांद्यांनीं तो अधिक साधतो असें नाहीं. दुसरी विसंगति वृक्षारोपणाची. झाड लावणें म्हणजे पुण्यच, मग तें कोठेंहि आणि कोणतेंहि असो, असें आपण धरून चालतों. सड्यावर खड्डे खणून परदेशी बाभळी लावल्या, तर तेथल्या हजारों वर्षांच्या गवताफुलांचा संसार मोडतो हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. मादागास्करचा गुलमोहर आपल्या रस्त्याला शोभा देतो, देवो. पण ज्या रानाला आपण लावलें नाहीं त्याला आपल्या लावण्याचीहि गरज नाहीं. तेथें आपलें कर्तव्य पुष्कळदां हात मागें घेण्याचेंच असतें, आणि हात मागें घेण्याला फोटो नसतो, पाटी नसते, म्हणून तें कठीण जातें.

अभय या शब्दाचा विचार करीत गेलें कीं शेवटीं लक्षांत येतें तें असें: अभय देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं कुऱ्हाड आहे त्यालाच असतो. दुर्बळानें दिलेल्या अभयाला अर्थ नाहीं. म्हणून अभय हें झाडाला दिलेलें दान दिसलें, तरी तत्त्वतः तें बलिष्ठानें स्वतःच्या बळाला घातलेलें बंधन आहे. देवराईंत हें बंधन देवाच्या नांवानें घातलें, आज्ञापत्रांत रयतेच्या दुःखाच्या नांवानें, कायद्यांत गव्याच्या नांवानें. नांवें बदलत आलीं आणि यापुढेंहि बदलतील. ज्या दिवशीं आपण तें बंधन कोणाचेंहि नांव न घेतां, केवळ घेतलेल्या पाण्याची जाण ठेवून, स्वतःवर घालूं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेतावर न लोटतां स्वतःच्या खिशांतून देऊं, त्या दिवशीं अंजनाला आणि नरक्याला आपल्यापासून खरें अभय मिळेल. तोंपर्यंत रानाच्या वेशीवरची पाटी हें आपण लिहून दिलेलें एक वचनपत्र आहे, आणि त्याची मुदत रोज भरत आहे.